काकांची वेगळी वाटी

आधीच सांगून टाकते — भूत, बाधा, नजर, अंगात येणं, या कशावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या चाळीत एका बाईच्या अंगात यायचं. दर पौर्णिमेला सगळा मजला तिच्यापुढे नारळ घेऊन बसायचा आणि मी आमच्या खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करत असायचे. आई चिडायची. मी म्हणायचे, "आई, तिला आधी विचार, आज नळाला पाणी किती वाजता येणार ते." अशी मी. त्यामुळे हे वाचून कुणी मला भोळीभाबडी समजू नये... एवढंच.

साधारण शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या रस्त्यावरच्या एका दुमजली चाळीत राहायचो. आई, माझा मोठा भाऊ विजय — विजूदादा — आणि मी, सुनंदा. वडील गिरणीच्या कॅन्टीनमध्ये होते. गिरणी बंद पडली आणि त्या धक्क्यातून ते उठलेच नाहीत. मी तेव्हा शाळेत होते, दादा बावीसचा. तेव्हा आमच्या घराला धरून ठेवलं ते दत्ताकाकांनी. दत्ताकाका वडिलांच्याच कॅन्टीनमधले आचारी, आमच्याच गावचे, देवगडकडचे. बायको लवकर गेलेली, मूल नाही. गिरणीनंतर ते एका हॉटेलात लागले, आणि तिथून एका आलिशान टुरिस्ट गाडीवर हेड कुक म्हणून गेले.

त्या गाडीचं नाव लिहीत नाही. मुंबईहून निघायची, कोटा, भरतपूर, आग्रा करून आठव्या दिवशी परत. प्रवासी बहुतेक फॉरेनर. डब्यांत गालिचे, पितळी दिवे, एक अख्खा डबा जेवणाचा आणि त्याला लागून किचनचा डबा. काकांनी दादाला हाताखाली घेतलं. कांदा कसा धरायचा इथपासून शिकवलं. पाच वर्षांत दादा सेकंड कुक झाला. मी बारावी झाल्यावर काकांनीच मॅनेजरशी बोलून मला डायनिंग कारमध्ये लावलं — टेबलं मांडणं, वाढणं, पाहुण्यांशी मोडकंतोडकं इंग्लिश बोलणं. मुलीने गाडीवर नोकरी करायची म्हणून चाळीत कुजबुज झाली. काकांनी आईला सांगितलं, "वहिनी, मी आसंय मां थंय? मग झाला तर."

काकांना एकच गोष्ट चालायची नाही. कोलंबी. मालवणी आचारी आणि कोलंबी चालत नाही, म्हणून सगळे त्यांना चिडवायचे. मासे चालायचे, पण कोलंबी, शिंपल्यांतल्या तिसऱ्या, कुर्ल्या म्हणजे खेकडे — काहीच नाही. गिरणीत असताना एकदा चुकून कोलंबीचा तुकडा तोंडात गेला तर चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, श्वास अडकला होता. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर वाचाल याची खात्री नाही. ही हकीकत मला लहानपणी दादानेच सांगितली होती, काकांची नक्कल करून, गाल फुगवून. गाडीवर कोलंबीचं पातेलं, डाव, चॉपिंग बोर्ड सगळं वेगळं, डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळ्या स्टाफला माहीत.

आता काय झालं ते सांगते.

त्या सीझनच्या पहिल्याच ट्रिपला आग्र्याजवळ आठ पाहुणे आजारी पडले. उलट्या, जुलाब, वाट लागली. मासे खराब होते असं निघालं. माशांचं काम अँथनीकडे असायचं — वाकोल्याचा, दादाच्याच वयाचा, हसरा माणूस. अँथनी ओरडून सांगत होता, "मी ते मासे टाकायला बाजूला काढले होते. मी शिजवलेच नाहीत!" दादा म्हणाला, त्यानेच शिजवले, मी पाहिलं. अँथनीला मुंबईला उतरल्या उतरल्या काढून टाकलं. मी दादावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? माझा भाऊ होता तो. वडील गेल्यावर मला सायकलवर डबल सीट घेऊन शाळेत सोडणारा.

पुढच्या ट्रिपला, डिसेंबरात, भरतपूरला कडाक्याची थंडी पडली होती. दत्ताकाकांना सर्दी झाली. नाक पूर्ण चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. तरी पठ्ठ्या चव घेतल्याशिवाय एकही भांडं बाहेर जाऊ देत नव्हता. "नाकाक कळला नाय तरी मीठ जिभेक कळता," म्हणायचे. त्या ट्रिपभर ते गप्प गप्प होते. दादाशी कामापुरतंच बोलत होते. मला वाटलं, सर्दीमुळे.

आठव्या दिवशी परतीचं जेवण. निरोपाचं म्हणून खास असायचं — टोमॅटोचं सार, पापलेट फ्राय, पुलाव, गोड. गाडीने विरार सोडलं होतं, दुपारचा साडेबाराचा सुमार. किचनमध्ये पापलेटं तळली जात होती, सगळा डबा त्या वासाने भरलेला. मी कप न्यायला आत आले तर दादाने मला थांबवलं. त्याच्या हातात स्टीलची एक वाटी होती, वाफाळती.

"सुने, ही काकांना नेऊन दे. त्यांच्यासाठी वेगळं काढलंय, मिरी जास्त घातलीय. नाक मोकळं होईल."

मला इतकं बरं वाटलं... काय सांगू! वाटलं, दोघांत जे काही बिनसलंय ते आता मिटेल. काका डब्याच्या टोकाला स्टुलावर बसून मेन्यूचे कागद बघत होते. मी वाटी दिली. "विजूदादाने खास तुमच्यासाठी केलंय."

त्यांनी वर पाहिलं. जरासे हसले. "विजून? बरा." आणि फुंकर मारत सगळं सार पिऊन टाकलं.

मी कप घेऊन पाहुण्यांकडे गेले. पाच-सात मिनिटांत किचनमधून आरडाओरडा. धावत आले तर काका खाली पडलेले. ओठ सुजलेले, मानेवर लाल चट्टे, छाती भात्यासारखी वरखाली होतेय पण हवा आत जात नाहीये. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि दुसऱ्या हाताने वर ओट्याकडे बोट दाखवलं. पुन्हा पुन्हा. मला वाटलं पाणी मागतायत. मी ओरडले, "पाणी द्या कुणीतरी!" ओट्यापाशी दादा होता. तो आमच्याकडे पाठ करून नळाखाली वाटी विसळत होता.

बघा, हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण वाटलं, घाबरलाय, हाताला सवय आहे म्हणून विसळतोय.

गाडी बोरिवलीला थांबवली. स्ट्रेचर येईपर्यंत काका गेले होते.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, कोलंबी खाल्ली का? मॅनेजरने पाहिलं — त्या दिवशीच्या जेवणात कोलंबी नव्हतीच, गाडीवरची सगळी कोलंबी आग्र्यालाच संपली होती. सर्दी, छातीत कफ, वय, थंडी... दम्याचा झटका आणि हार्ट, असं ठरलं. अग्नी दादाने दिला. मुलगा नव्हता ना त्यांना. स्मशानातून आल्यावर दादा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

इथपर्यंत कुणालाही समजेल. इथून पुढचं मला समजलेलं नाही.

काकांचं तेरावं झाल्यावर पहिल्या रविवारी दादाने घरी उपमा केला. मी पहिला घास घेतला आणि थांबले. सोड्यांचा वास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. कोकणातल्या प्रत्येक घरात डब्यात भरलेली असते. भाजली की सगळ्या मजल्याला कळतं.

"आई, उपम्याला सोड्यांची कढई दिलीस काय गं?"

"नाय गो. सोडे खंय आसत घरात? कधीच सोपले."

दादा मान खाली घालून खात होता. मी कसाबसा उपमा संपवला. संध्याकाळी त्याने चहा केला. चहाच्या वाफेत तोच वास. मी कप बाजूला ठेवला. दादा म्हणाला, "काय गं, साखर कमी झाली?" मी म्हटलं, "नाही, गरम आहे." आईने तोच चहा भुरके मारत प्यायला.

मग हे सुरूच झालं. आईने केलेलं जेवण — व्यवस्थित. शेजारच्या काकूंनी दिलेली भाजी — व्यवस्थित. कॅन्टीनचा वडा — झकास. फक्त दादाच्या हातचं काही तोंडात घातलं की सोडे. पिठलं, साबुदाण्याची खिचडी, अगदी लिंबू सरबतसुद्धा! एकदा मी मुद्दाम डोळे मिटून बसले आणि आईला म्हटलं, दोन वाट्यांत वरण दे, एक तुझं, एक दादाचं, सांगू नकोस कुठलं कुठलं. आई वैतागली, पण दिलं. मी बरोबर ओळखलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा.

मला कोलंबी आवडायची हो, आजही आवडते. सोड्यांची आमटी म्हणजे जीव की प्राण. म्हणजे वासाची किळस वगैरे प्रकार नव्हता. अंधेरीच्या एका डॉक्टरांकडे गेले. नाक-कान-घसा सगळं तपासलं. म्हणाले, "जवळचं कुणी गेलंय का? कधी कधी मनाचं असतं." मला ते पटलं. मनाचंच असणार. पण मग मनाने दादाचाच हात का निवडावा? तेव्हा माझ्या मनात दादाबद्दल एक कणभरही शंका नव्हती. देवाशप्पथ नव्हती.

फेब्रुवारीत दादाला हेड कुकचं पत्र मिळालं. काकांच्या जागेवर. आई त्या दिवशी काकांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दादाने शिरा केला. भरपूर तूप, केळं, वेलची. चाळीत वाटायला म्हणून मोठं पातेलं भरून. पहिली बशी माझ्यापुढे धरली.

"खा गं. तुझ्याशिवाय मी इथपर्यंत आलो असतो का? काकांकडे तूच किती वेळा माझी बाजू घेतलीस."

नको म्हणवेना. इतक्या प्रेमाने देत होता. मी श्वास रोखून दोन घास गिळले.

आधी ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ जड झाली. मी आरशात पाहिलं — खालचा ओठ टम्म सुजत चाललेला, माझ्या डोळ्यांदेखत. गळ्यावर लाल चट्टे. मग घसा आतून मिटायला लागला. श्वास घेते तर शिट्टीसारखा आवाज. मी भिंतीला धरून खाली बसले. काकांचा चेहरा होता तो आरशात... म्हणजे चेहरा माझाच, पण सूज तीच, चट्टे त्याच जागी.

आई ओरडली. दादा माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, माझे दोन्ही खांदे धरून हलवत. पांढराफटक पडला होता.

"सुने! सुने, असं करू नको! अगं यात काही नाहीये! शपथ सांगतो, या वेळी मी काहीच टाकलेलं नाही!"

या वेळी.

आईचा हात माझ्या पाठीवर होता. तो थांबला. दादाच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याने माझे खांदे सोडले. आणि — यावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू — त्याच क्षणी माझा घसा मोकळा झाला. गाठ सुटावी तसा. मिनिटा-दोन मिनिटांत ओठही उतरला. शेजारच्या काकू धावत आल्या तेव्हा दाखवायला माझ्या अंगावर एक चट्टासुद्धा नव्हता.

मी दार लावून घेतलं आणि दादाला विचारलं, "कुठल्या वेळी टाकलं होतंस?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मला त्यांना मारायचं नव्हतं."

"कुठल्या वेळी, दादा?"

"दोन दिवस आडवे झाले असते तर पुरे होतं. मुंबईला उतरल्यावर ते थेट मॅनेजरकडे जाणार होते, सुने. अँथनीने बाजूला काढलेल्या माशांतले मी वापरले होते. वेळ नव्हता, पाहुणे बसले होते टेबलावर, काय करणार होतो मी? त्यांना कळलं. ट्रिपला निघायच्या आधीच मला म्हणाले, परत मुंबई यायच्या आत तू सांग, नाहीतर मी सांगतो. पाच वर्षं राबलो मी! एका चुकीपायी सगळं घालवू?"

"आणि वाटी माझ्या हातात दिलीस."

त्याने शिऱ्याची बशी उचलून ओट्यावर ठेवली.

"माझ्या हातात का दिलीस?"

"माझ्या हातून प्यायले नसते," दादा म्हणाला. इतक्या साध्या आवाजात, जणू मी मीठ कुठे आहे विचारलं होतं.

मला रडू आलं नाही. गाल फुगवून काकांची नक्कल करणारा दादा आठवला. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याला पुरतं माहीत होतं. दोन दिवस आडवे म्हणे.

मी आईकडे वळले. आईने ऐकून छाती बडवायला हवी होती, निदान त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. ती शिऱ्याच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"आई... घरातले सोडे कुठे संपले गं?"

तिने पदर तोंडाशी धरला. "बारीक कुटून दी म्हणान विजून सांगल्यान. गाडयेर व्हयी म्हणालो. मी कुटून दिलंय. माका काय ठावक खंय वापरतलो तो?"

"पण नंतर? काका गेल्यावर तुला कळलं ना?"

आईने पातेल्यावरचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

"अडीच महिने, आई! मी रोज तुला सांगत होते वास येतोय, सोड्यांचा वास येतोय. मी वेडी झालेय म्हणून डॉक्टरकडे गेले. तू माझ्या शेजारी बसून जेवत होतीस!"

"गेलेलो माणूस परत येतलो काय?" आई म्हणाली. "तो माझो पोटचो झील आसा, सुनंदा. तू उद्या लगीन करून जातलंस. माका ह्येच्याबरोबर रवाचा आसा."

ती मला 'सुनंदा' म्हणाली. एरवी ती मला 'सुने'शिवाय दुसरी हाक मारायची नाही.

मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरवलेलं नव्हतं. दुपारी वाकोल्याला अँथनीच्या दारात पोचले. तो एका केटररकडे लागला होता, दारातच पातेली घासत बसला होता. मला पाहून उठला, पण आत ये म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अंकल इथे आले होते. त्या ट्रिपच्या आदल्या दिवशी. हे इथेच बसले होते. मला बोलले, अँथनी, तू नव्हतास ते मला कळलं, माझी चूक झाली, आठ दिवसांनी तुला न्यायला येतो." त्याने हातातली काथ्याची घासणी बादलीत टाकली. "मी नवव्या दिवशी शर्टाला इस्त्री करून बसलो होतो ना. कोणीच आलं नाही. वाटलं, अंकल पण तसलाच निघाला."

म्हणजे काका गेल्याचंही त्याला कुणी कळवलं नव्हतं. तिथे मात्र मला रडू फुटलं. त्याच्या आईने मला आत नेऊन पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी अँथनी आणि मी पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या साहेबांनी तासभर ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "ताई, वाटी धुतली, सार संपलं, बॉडीला अग्नी दिला. तुमचा भाऊ नाही म्हणाला तर माझ्या हातात काय आहे? दुसरं कुणी ऐकलं का, तो काय बोलला ते?"

मी म्हटलं, "आईने ऐकलं."

त्यांनी आईला बोलावलं. दादालाही. आई कडक इस्त्रीचं लुगडं नेसून आली, माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "माझ्या मुलीला काका गेल्यापासून भास होतात. डॉक्टरांनी सांगितलंय. कागद आहेत." आणि पिशवीतून अंधेरीच्या डॉक्टरांचा माझाच कागद काढून टेबलावर ठेवला.

ते दृश्य मी आजतागायत विसरलेले नाही. दादाने जे केलं ते भीतीने केलं असं तरी म्हणता येईल. पण आईने तो कागद माझ्या पेटीतून शोधून, घडी घालून, पिशवीत ठेवून आणला होता.

खुनाचं काही झालं नाही. मी माशांचं सगळं मॅनेजरला लिहून दिलं. त्यांना आठवलं, भरतपूरला काका त्यांना म्हणाले होते, उतरल्यावर अँथनीबद्दल बोलायचंय. त्यांनी दादाला बोलावलं. दादाने उत्तर देण्याऐवजी राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत आखातात एका कॅम्पच्या किचनमध्ये निघून गेला. अँथनीला कंपनीने परत बोलावलं. त्याने पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि गेला नाही. म्हणाला, "साफ नाव मिळालं, बस. तो डबा नको आता."

मीही नोकरी सोडली. लग्न होऊन मुलुंडला आले. आईकडे मी सणावाराला जायचे, साडी ठेवायचे, परत यायचे. ती गेली तोपर्यंत आमच्यात त्या रविवारबद्दल एक शब्द झाला नाही.

मुलुंडच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे मी पुढे सगळ्या टेस्ट करून घेतल्या. हातावर टोचून बघतात तशा. कोलंबीची ॲलर्जी नाही, कशाचीच नाही. डॉक्टर म्हणाले, कधी होती असंही वाटत नाही. आणि समजा असती, तरी रवा, तूप, साखरेने घसा का सुजावा? मी काय सांगणार!

आई गेल्यावर दादा आला. आखातातून सुटी काढून, दिवस करायला. सगळं आटोपल्यावर एका दुपारी तो माझ्या घरी मुलुंडला आला. केस पांढरे झाले होते, वडिलांसारखा दिसत होता. मी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोललो. मग तो एकदम म्हणाला,

"एक विचारू? आता कुणी नाहीये. खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशीचं नाटक... कुणी शिकवलं तुला? अँथनीने? की पोलिसांत कुणी ओळखीचं होतं?"

मला आधी कळेचना तो काय म्हणतोय.

"ओठ बिठ कसे सुजवलेस तू? काय लावलं होतंस? मी इतकी वर्षं विचार करतोय, सुने. कॅम्पमध्ये तीनशे माणसांना जेवायला घालताना पण तोच विचार. मी तुझ्यासाठी शिरा केला होता. मनापासून केला होता. आणि तू सख्ख्या भावाला असं अडकवलंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. ज्याने माझ्या हाती वाटी पाठवली, तो माझ्यासमोर बसून म्हणत होता की मी त्याला फसवलं.

"मी काहीच लावलं नव्हतं, दादा."

"मग काय होतं ते?"

"मला माहीत नाही."

मी टेस्टचे रिपोर्ट आणून त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. कागद परत दिले, म्हणाला, "डॉक्टर काय, कुणीपण लिहून देतो." आणि उठून गेला. दारापर्यंत मी गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्याला वाटतं मी नाटक केलं. आईला वाटायचं मला भास होतात. माझे मिस्टर म्हणतात, तुझ्या मनाला आतून आधीच कळलं होतं, वाटी विसळताना पाहिलं होतंस ना. असेलही. पण आरशात मी माझा ओठ सुजताना पाहिला आहे, आणि माझ्या आईनेही तो पाहिला होता, म्हणून तर ओरडली ती. ते काय होतं, कुणी केलं, का केलं... मला खरंच माहीत नाही.